ऑइलमध्ये जीव किती उरलाय: इन्फ्रारेड आणि पीएलएसच्या प्रकल्प नोंदी, सोलापूर

१८ नोव्हेंबर २०२४

काम एवढंच: ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर आणि टिपर यांचं १५डब्ल्यू-४० इंजिन ऑइल आवर मीटरच्या आकड्यावरून बदलायचं की त्याची खरी अवस्था बघून, हे इन्फ्रारेड वर्णपटावरून सांगता येतं का ते पाहणं. वर्णपट म्हणजे ऑइल कुठल्या तरंगसंख्येचा (प्रति सेंमीमधला आकडा) प्रकाश किती शोषतं त्याचा आलेख; त्यावरून हवा तो आकडा काढणारं गणिती मॉडेल म्हणजे पीएलएस. मुख्य लक्ष्य टीबीएन, म्हणजे आम्ल मारायची ऑइलची शिल्लक ताकद. काजळी, ऑक्सिडेशन आणि नायट्रेशन (ऑक्सिजनने आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांनी होणारा ऑइलचा बिघाड) आणि पाणी त्याच वर्णपटातून जमतील तेवढे.

यंत्र जुनं, टेबलावरचं एफटीआयआर (इन्फ्रारेड वर्णपट काढणारं), प्रकाश टिपायला डीटीजीएस डिटेक्टर. वापरलेलंच घेतलं, ३ लाख ४० हजारांना. बीमस्प्लिटर, म्हणजे किरण दुभागणारा भाग, पोटॅशियम ब्रोमाइडचा आहे, म्हणजे दमट हवा त्याचा शत्रू. सोलापुरात हिवाळ्यात हा प्रश्न फारसा नाही, पण सिलिका जेलच्या पिशवीचा रंग रोज बघायचा नियम पहिल्या दिवसापासून ठेवला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत वीज जाते-येते. यंत्र यूपीएसवर आहे, तरीही बंद पडलं तर परत चालू केल्यावर तासभर एकही मोजमाप घ्यायचं नाही.

एटीआर (हिऱ्यावर थेंब ठेवून मोजणं) की आरपार जाणारा सेल (दोन खिडक्यांमधली ऑइल भरायची पातळ फट), यावर दोन दिवस गेले. एटीआरचा हिरा पुसायला सोपा, पण किरण ऑइलमध्ये जेमतेम एक-दोन मायक्रोमीटर शिरतो. ऑक्सिडेशनचा बदल तिथे गोंगाटात बुडतो. म्हणून झिंक सेलेनाइडच्या खिडक्यांचा ०.१ मिमीचा सेल घेतला. वापरलेल्या ऑइलच्या एएसटीएम ई२४१२ पद्धतीत हाच सेल धरलेला आहे. मिठाच्या किंवा पोटॅशियम ब्रोमाइडच्या खिडक्या स्वस्त पडतात, पण ऑइलमध्ये पाणी असलं की विरघळतात. आणि पाणी तर आपल्याला शोधायचंच आहे. झिंक सेलेनाइडला आम्ल अजिबात लावायचं नाही, विषारी वायू सुटतो. धुवायला हेप्टेन, फार काळं ऑइल असेल तर आधी टोल्युइन.

२३ नोव्हेंबर

सेलवर ०.१ मिमी लिहिलंय म्हणून तो ०.१ मिमी असतो असं नाही. रिकामा सेल ठेवून वर्णपट घेतला की लाटा दिसतात. त्या मोजायच्या. २५०० ते १५०० प्रति सेंमी या पट्ट्यात १९ लाटा आल्या. १९ भागिले पट्ट्याच्या रुंदीची दुप्पट, दोन हजार, म्हणजे ०.००९५ सेंमी, म्हणजेच ०.०९५ मिमी. यापुढचं प्रत्येक शोषण ०.१ मिमीवर आणून लिहायचं.

मापं ठरली: विभेदन ४ प्रति सेंमी, ३२ स्कॅन, प्रत्येक नमुना तीनदा भरून. दोन नमुन्यांच्या मध्ये हेप्टेनने तीन वेळा धुवून हवा मारायची आणि रिकामा वर्णपट बघायचा. २९२० ला शिखर उरलं असेल तर पुन्हा धुवा.

एक मर्यादा आत्ताच लिहून ठेवतो. ०.१ मिमीला ३०००–२८०० आणि १४८०–१३५० हे हायड्रोकार्बनचे पट्टे पूर्ण भरून जातात, डिटेक्टरपर्यंत प्रकाशच पोचत नाही. तिथले आकडे मॉडेलला द्यायचे नाहीत. ऑइलमध्ये आम्ल मारायला घातलेल्या डिटर्जंटमधल्या कार्बोनेटचं १५००–१४०० चं मोठं शिखरही त्यामुळे बरंचसं हातचं जातं. उरतं ८६२ जवळचं छोटं. टीबीएनसाठी सगळ्यात कामाचं तेच निघेल असा अंदाज आहे.

२ डिसेंबर

नमुने सुरू. १६ इंजिनं: ११ ट्रॅक्टर, ५ टिपर. ऑइल तीन कंपन्यांची, नोंदीत अ, ब, क. टीबीएन नव्याचा अ १०.६, ब १०.१, क १२.८. प्रत्येक पिंपातलं नवं ऑइल २०० मिली वेगळं काढून ठेवलं. हे विसरलात तर पुढचं सगळं वाया.

पद्धत: इंजिन कामावरून आल्यावर दहा मिनिटं आयडलवर. बंद करून पाच मिनिटांत डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढायचं, नळीचं टोक सम्पच्या (इंजिनच्या तळाच्या ऑइल टाकीच्या) मध्यावर. नळीची लांबी डिपस्टिकला लावून आधीच खूण करायची, नाहीतर टोक तळाला टेकतं आणि गाळ येतो. पहिलं ५० मिली फेकायचं, पुढचं १०० मिली बाटलीत. ड्रेन प्लगमधून घ्यायचा मोह होतो, मेस्त्री तसंच सुचवतात. पहिल्या धारेत तळाचा गाळ आणि पाणी येतं, म्हणून नाही म्हटलं.

दर ५० तासांना एक नमुना. गळीत हंगामात ट्रॅक्टर दिवसाला बारा-चौदा तास चालतो, त्यामुळे आठवड्याला एक तरी पडतो. बाटलीवर चार गोष्टी: गाडी, आवर मीटर, ऑइल टाकल्यापासूनचे तास, मधे टॉप-अप केला का. चौथा रकाना सगळ्यात जास्त वेळा रिकामा येतोय.

१९ डिसेंबर

एक विचित्र गोष्ट. ट्रॅक्टर क्रमांक ४ चं ऑइल ३८ तासांचं, आणि ऑक्सिडेशनच्या पट्ट्यात, १८००–१६७० मध्ये, अडीचशे तासांच्या टिपरपेक्षा मोठं शिखर. आधी वाटलं इंजिन तापतंय. पण खरं ऑक्सिडेशन म्हणजे कीटोन, आम्ल, एस्टर यांची खिचडी असते. उंचवटा रुंद आणि बोथट येतो, माथा १७१० च्या आसपास. इथे १७२८ ला सुईसारखं टोक. शिवाय नव्या ऑइलचा वर्णपट वजा केल्यावर १६०० आणि १५८० ला दोन बारीक जुळी शिखरं, १२७५ च्या आसपास एक, ७४३ ला एक. ही थॅलेटची ओळख. प्लास्टिक मऊ करायला घालतात ते तेल.

पंपाला लावलेली नळी हार्डवेअरच्या दुकानातली, बांधकामावर लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक पीव्हीसी. मीटर २५ रुपये. गरम ऑइल तिच्यातून ओढलं, उरलेलं नळीत रात्रभर राहिलं आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या नमुन्यात आलं. ५० मिली फेकण्याचा नियम त्या दोन आठवड्यांत अर्ध्या वेळा पाळलाच गेला नव्हता.

२२ डिसेंबर

खात्री केली. त्याच नळीचा ३० सेंमी तुकडा नव्या अ ऑइलमध्ये ८० अंशाला दोन तास ठेवला. १७२८, १६००/१५८०, ७४३ सगळं हजर. तुकडा बाहेर काढल्यावर हाताला कडक लागला, मऊपणा ऑइलमध्ये उतरलेला.

आतापर्यंतच्या नमुन्यांपैकी ११ मध्ये हे जुळं शिखर दिसतं. ११ बाद. नळी बदलून पीटीएफईची (टेफ्लॉनची) घेतली, मीटरला पीव्हीसीच्या कितीतरी पट पैसे, आणि प्रत्येक गाडीला नवा तुकडा. बाटल्यांच्या झाकणातला मऊ पुठ्ठाही काढून टाकला. जुळं शिखर नीट बघितलं नसतं तर हे अकरा नमुने मॉडेलने 'लवकर ऑक्सिडेशन होणारी इंजिनं' म्हणून शिकले असते.

८ जानेवारी २०२५

नमुने गोळा करून संपले: एकूण ८४, बाद ११, हातात ७३. पहिली ४० नमुन्यांची खेप बाहेरच्या प्रयोगशाळेतून टीबीएनसह परत आली, नमुन्याला १,२०० रुपये. उद्या दुसरी खेप जाते: उरलेले ३३ आणि पहिल्या खेपेतले सहा नमुने नव्या नावाने. प्रयोगशाळेला सांगितलेलं नाही. संदर्भाचा आकडा स्वतः किती हलतो हे कळल्याशिवाय मॉडेलच्या चुकीला काही अर्थ नाही.

नमुने पाठवण्याआधी ६० अंशाला गरम करून दोन मिनिटं जोरात हलवायचे. तीन आठवडे शेल्फवर उभ्या बाटलीत काजळी तळाला बसते. एका टिपरच्या बाटलीत वरच्या आणि तळाच्या थेंबात २००० प्रति सेंमीचं शोषण दीडपट वेगळं निघालं.

स्निग्धता घरीच, १०० अंशाच्या बाथमध्ये. काळ्या ऑइलला उलट्या प्रवाहाची यू-नळी लागते. साध्या नळीत काजळीमुळे काचेवरची रेघ दिसत नाही. एसएई ४० ची हद्द १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या आत. एक टिपर ११.९ वर आलाय, त्यात डिझेल मिसळतंय. डिझेलची इन्फ्रारेडमधली खूण ८१० च्या आसपास, पण ती दुबळी आणि मूळ ऑइलवर अवलंबून. त्यासाठी यू-नळीवरच भरवसा ठेवला.

२० जानेवारी

गड्ड्याच्या यात्रेत सगळं चार दिवस बंद होतं. आज दुसऱ्या खेपेचा रिपोर्ट आला. लपवलेले सहाही नमुने पहिल्या खेपेपेक्षा खाली, १.१ ते २.० ने. सगळे एकाच बाजूला, म्हणजे ही नेहमीची हलचल नव्हे. रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात पद्धत लिहिलेली: पहिल्या वेळी डी२८९६, या वेळी डी४७३९. पहिलीत पर्क्लोरिक आम्ल, दुसरीत हायड्रोक्लोरिक. वापरलेल्या ऑइलमध्ये दुसरी कमी आकडा देते, कारण दुबळे आम्लारी तिला नीट धरता येत नाहीत. फॉर्मवर पद्धतीचा रकाना आम्हीच मोकळा सोडला होता.

३९ नमुने पुन्हा डी२८९६ ने करायला सांगितले. बोलून-बोलून निम्म्या दरात झालं. दहा-बारा दिवस गेले.

२८ जानेवारी

सेल गळायला लागला. उघडून टेफ्लॉनची पट्टी बदलली, स्क्रू समोरासमोरचे थोडे-थोडे करत बोटानेच आवळले. नंतर तपासाला ठेवलेलं जुनं ऑइल भरलं तर ऑक्सिडेशनचं क्षेत्रफळ एकदम चौदा टक्क्यांनी वर. लाटा मोजल्या: आता २१.६. म्हणजे ०.१०८ मिमी. पट्टी नवी, दबलेली नाही, म्हणून जाड.

०.१ मिमीवर आणणारं सूत्र होतं, पण त्यात जुना ०.०९५ तसाच टाईप केलेला. तीन दिवसांची मोजणी दुरुस्त करावी लागली. आता रोज सकाळी रिकाम्या सेलच्या लाटा मोजून आकडा वहीत आणि फाइलच्या नावात, दोन्हीकडे.

झिंक सेलेनाइड इतकं परावर्तक आहे की भरलेल्या सेलमध्येही लाटा पूर्ण जात नाहीत, दर ३२–३५ प्रति सेंमीला एक बारीक हेलकावा राहतो. काजळीचा २००० चा आकडा एकाच बिंदूवर घेतला तर तो लाटेच्या माथ्यावर पडला की पायथ्याला, यावर बदलतो. २०५० ते १९५० ची सरासरी घ्यायला लागलो. पाचरीच्या आकाराचा सेल मिळतो, त्यात हा त्रास नाही. सुरुवातीलाच तो घ्यायला हवा होता.

६ फेब्रुवारी

पुन्हा केलेले टीबीएन आले. सहा जोड्यांमधले फरक: ०.२, ०.९, ०.४, ०.१, ०.७, ०.५. वर्गांची बेरीज १.७६, भागिले बारा, वर्गमूळ ०.३८. संदर्भाची स्वतःची चूक ०.३८ धरायची.

पहिलं मॉडेल: पायथनमध्ये सायकिट-लर्नचं पीएलएस, ७३ नमुने गुणिले तीन, २१९ ओळी, एक-एक ओळ बाहेर ठेवून तपासणी. ११ घटक (मॉडेलने वर्णपटातून काढलेले एकत्रित बदल), चूक ०.३१.

चहा मागवला आणि चहा येईपर्यंत आनंद टिकला. ज्या आकड्यावर मॉडेल शिकलं तो आकडाच ०.३८ ने हलतो, आणि मॉडेल म्हणतंय मी ०.३१ नेच चुकतो. कुठेतरी पाणी मुरतंय.

१२ फेब्रुवारी

तीन ठिकाणी मुरत होतं.

पहिलं उघड आहे, तरी हातून झालं. एकाच नमुन्याच्या तीन भरणा तीन वेगळ्या ओळी. एक बाहेर काढली तरी तिची दोन भावंडं आतच. तिन्हींची सरासरी करून ७३ ओळी केल्या. चूक ०.५८.

दुसरं: एकाच ट्रॅक्टरचे पाच नमुने एकमेकांसारखे असतात, ऑइल तेच, इंजिन तेच. पूर्ण गाडी बाहेर काढून तपासलं की चूक थेट १.१२. हा खरा आकडा. न पाहिलेल्या गाडीबद्दल मॉडेलला फारसं काही कळत नव्हतं. क ऑइल ओळखायचं आणि टीबीएन जास्त सांगायचं, एवढंच ते शिकलं होतं.

तिसरं सापडायला चार दिवस लागले. गुणकांचा (मॉडेल कुठल्या बिंदूला किती वजन देतं त्या आकड्यांचा) आलेख काढला तर ८६२ किंवा १७१० ऐवजी सगळ्यात मोठे गुणक २३५० ला. तिथे ऑइलचं काहीच नाही, तिथे हवेतला कार्बन डायऑक्साइड आहे! सायकिट-लर्नच्या पीएलएसमध्ये 'स्केल' ही निवड आपोआप चालू असते. ती प्रत्येक बिंदूला सारखंच वजन देते, त्यामुळे रिकाम्या जागेतला गोंगाट खऱ्या शिखराइतका मोठा होतो. वर्णपटाला ती बंद ठेवायची, फक्त सरासरी वजा करायची. पण गोंगाटाचा टीबीएनशी संबंध कसा? तर मोजणीच्या क्रमामुळे. सकाळी स्वच्छ, नवी ऑइलं आधी, मग वाढत्या तासांची, सगळ्यात काळी शेवटी, म्हणजे सेल कमी धुवावा लागतो. दुपारपर्यंत बंद खोलीत चार माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड वाढलेला. मॉडेल खोलीतल्या हवेवरून ऑइलचं वय सांगत होतं.

२१ फेब्रुवारी

सगळे ७३ नमुने पुन्हा मोजले, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवून. सहा दिवस, हेप्टेन नऊ लिटर. काळ्याच्या मागे नवं आलं की धुण्याला तिप्पट वेळ, त्याला इलाज नाही. प्रत्येक नमुन्याआधी नवी पार्श्वभूमी (नमुन्याशिवायची मोजणी), मोजताना खोलीत एकच माणूस.

आता प्रत्येक वर्णपटातून त्याच पिंपाच्या नव्या ऑइलचा वर्णपट वजा, आणि मॉडेलने टीबीएन नाही तर टीबीएनमधली घट सांगायची. यामुळे कंपनी ओळखून पळ काढायची वाट बंद होते. पट्टे ठेवले १८५०–१५५० आणि १३००–७००. त्यावर सॅव्हित्स्की-गोले पद्धतीने पहिलं अवकलज (वर्णपटाचा उतार), १५ बिंदू, दुसऱ्या घाताचं. काजळीने वर्णपटाचा पाया तिरका होतो, तो अवकलजाने बराचसा जातो. काजळी स्वतः मोजायला मात्र अवकलज नको, तिथे मूळ वर्णपटच. एसएनव्हीही (प्रत्येक वर्णपट त्याच्या स्वतःच्या सरासरी आणि पसाऱ्यावर आणणं) करून पाहिलं, वजा केलेल्या वर्णपटावर ते उलट नुकसान करतं: बदल थोडा असलेल्या नमुन्याला ताणून मोठं करतं.

गाडी बाहेर काढून तपासणी, चार घटक, चूक ०.६४. गुणक ८६२ ला ठळक, मग १७१० आणि ११५० च्या आसपास. आता आलेख रसायनासारखा दिसतो.

एका टिपरचं शोषण २००० ला १.९, म्हणजे आरपार फारच थोडा प्रकाश जातो. त्याच पिंपाच्या नव्या ऑइलमध्ये वजनाने निम्मं-निम्मं करून मोजलं. हेप्टेनने पातळ करू नका, त्याची शिखरं वर येऊन बसतात.

३ मार्च

टॉप-अपच्या रिकाम्या रकान्यांचा हिशेब. तीन ट्रॅक्टर सतत चुकीचे येत होते, तेही वजा केल्यावर विचित्र उलटी शिखरं घेऊन. फोन करून विचारलं. रात्री कारखान्याच्या रांगेत ऑइल कमी दिसलं की शेजारच्याच्या कॅनमधलं अर्धा लिटर, कंपनी कुठलीही. अशा ऑइलला 'नवं' म्हणून वजा करायला काहीच योग्य नाही. मॉडेलमध्ये काही करण्यापेक्षा गाड्यांना त्याच पिंपाचे एक-एक लिटरचे डबे भरून दिले.

मॉडेलने एक आकडा दिला की सोबत क्यू अवशेषही छापायचा, म्हणजे वर्णपटातलं किती मॉडेलला समजलंच नाही ते. हद्दीबाहेर असेल तर टीबीएन सांगायचाच नाही.

१८ मार्च

पूर्ण नव्या पाच गाड्या, ११ नमुने. दहांवर चूक ०.७. अकराव्याला मॉडेल म्हणतं टीबीएन ६.८, उत्तम. पण क्यू हद्दीच्या नऊपट. वर्णपट उघडला: ३४०० च्या आसपास रुंद फुगवटा, १६४० ला उंचवटा. पाणी. १०८० आणि १०४० ची ग्लायकॉलची जोडी नाही, कारण इकडे बरेच जण रेडिएटरमध्ये कूलंट न घालता नुसतं पाणी घालतात. १६४० चा उंचवटा नायट्रेशनच्या १६५०–१६०० पट्ट्यात पडतो, त्यामुळे नुसता नायट्रेशनचा आकडा बघितला असता तर निदान भलतंच झालं असतं. हेड गॅस्केट गेलेलं निघालं.

२६ मार्च

कारखाने बंद झाले, गाड्या थांबल्या. सध्या गाडीवाल्यांना असं सांगतोय. नव्याच्या निम्मा टीबीएन ही बदलीची रेघ. चूक ०.६४ ते ०.७, तिची दुप्पट दोन्ही बाजूंना सोडायची. अ ऑइलला रेघ ५.३, म्हणजे ६.६ च्या वर असेल तर चालू ठेवा, ४ च्या खाली बदला, मधल्यांना प्रयोगशाळेचा टीबीएन. मधे साधारण तिसरा हिस्सा नमुने येतात. बाकीच्यांचे १,२०० रुपये वाचतात.

खर्च, यंत्र सोडून: टीबीएन १,१८,२०० (त्यातले २३,४०० पद्धतीच्या रिकाम्या रकान्याचे), सेल आणि सुट्या खिडक्या ३६,०००, हेप्टेन-टोल्युइन-नळ्या-बाटल्या १९,०००. वेळ चार महिने. त्यातले पीव्हीसीचे अकरा नमुने, पुन्हा टीबीएन आणि पुन्हा मोजणी मिळून पाच आठवडे.

पावसाळ्याआधी बीमस्प्लिटरच्या खणात सिलिका जेल दुप्पट करायचं आहे. पाचरीच्या सेलचं कोटेशन मागवलंय. बाटलीच्या चिठ्ठीवर टॉप-अपचा रकाना आता सगळ्यात वर, तो भरल्याशिवाय बाटली घेत नाही.